मुंबईची भूतदया आणि जनावरांचे पोट

मुंबई शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ल्याविषयी लिहिले, गोदीविषयी लिहिले, आणि गिरण्यांविषयी तर इतके लिहिले की त्यात आता नवी भर घालणे कठीण व्हावे. परंतु हे शहर ज्यांनी आपल्या खांद्यावर ओढले आणि ज्यांनी आपले दूध पाजून वाढविले, त्या घोड्याबैलांचा व गाईम्हशींचा वृत्तांत बहुधा तळटीपांतच राहून गेला आहे. त्यातही त्यांच्या पोटाचा विचार करावयाचा म्हणजे सुशिक्षित वाचकांपैकी कित्येकांस तो विषय किळसवाणा वाटण्याचा संभव आहे. तथापि दावणीस बांधलेल्या जनावराची पुष्कळशी दुखणी पोटातूनच उद्भवतात, आणि त्या पोटात काय जावे हे ठरविणारा माणूसच असतो. तेव्हा एखाद्या शहराची भूतदया किती मोठी हे त्याने दिलेल्या देणग्यांवरून कळेल. ती किती शहाणी हे मात्र त्याने आपल्या जनावरांचे पोट कितपत ओळखले, ह्यावरूनच ठरवावे लागेल.

मुंबईच्या भूतदयेस एक ठळक तारीख आहे. ६ जून १८३२ रोजी ह्या शहरात कुत्र्यांवरून दंगल झाली. कंपनी सरकारच्या पोलिसांनी उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा क्रम चालविला होता. त्यावरून पारशी मंडळी खवळली, इतर धर्मांचे लोकही त्यांस येऊन मिळाले, आणि बाजार बंद पडले. पुढे दोन वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वराजवळ पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या प्रवर्तकांत जमशेटजी जीजीभाई प्रमुख होते, आणि त्यांच्या जोडीस जैन व वैष्णव व्यापारी होते. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीची लाग बसवून तिचा खर्च चालविला. जनावरांसाठी स्वतःवर कर बसवून घेणारे व्यापारी जगात फार सापडणार नाहीत, आणि हा मान मुंबईस दिलाच पाहिजे.

पण पांजरपोळीच्या दाराशी येणारे प्रत्येक जनावर निराळे पोट घेऊन येत होते. दान देणारा बहुतेक शाकाहारी. त्याच्या दृष्टीने अन्न म्हणजे धान्य, भाकर, दूध आणि गवत. कुत्र्याचे पोट साधे, एकाच पिशवीचे, आणि आतडे आखूड. अशी रचना मांस खाणाऱ्याची असते. तथापि माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे काढल्यामुळे त्याच्या शरीरात पिठूळ अन्न पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली आहे. कुत्र्याच्या बीजात ह्या कामाच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणून भाकरीवर कुत्रा निभावून जातो. मांजराने मात्र अशी तडजोड केलेली नाही. मांसातून मिळणारी काही द्रव्ये त्यास मिळाली नाहीत, तर त्याची दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. दयाळू माणसाने दोघांसही सारखीच दूधभाकर घातली, तर एक जगेल आणि दुसरे हळूहळू खंगेल, आणि त्या खंगण्याचे कारण वाढणाऱ्याच्या कधी ध्यानातही येणार नाही.

गाईची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. गाईस चार पोटे असतात असे आपण शाळेत शिकतो. खरे पाहता पोट एकच, त्याच्या कोठ्या चार. पशुवैद्यकाच्या मराठीत त्यांस कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट अशी नावे पडली आहेत. ती इतकी नेमकी आहेत की परभाषेतील लांबलचक नावांची आम्हांस मुळीच उणीव भासत नाही. पहिली कोठी सर्वांत मोठी. पूर्ण वाढलेल्या गाईच्या कोटीपोटात १०० लिटरांहून अधिक ऐवज मावतो, आणि उदराची जवळजवळ सगळी डावी बाजू तेच व्यापून बसते. गाय गवत भराभर ओरपून ह्या कोठीत टाकते. तिच्या वरच्या जबड्यास पुढचे दातच नसल्यामुळे तेथे बारीक चावणे होतही नाही. मग सावलीत बसून ती तोच घास पुन्हा तोंडात आणते आणि सावकाश रवंथ करिते. दिवसाचे सात-आठ तास तिचे ह्या उद्योगात जातात, आणि त्या काळात ती घागरींनी मोजावी इतकी लाळ गिळते.

कोटीपोटात जे घडते ते आश्चर्यकारक आहे. गवतातील काष्ठमय तंतू पचविणारा रस गाईजवळ नाही, तसा तो आपल्याजवळही नाही. ते काम तिच्या कोटीपोटात वस्ती करून राहिलेले कोट्यवधी सूक्ष्म जंतू करितात. गाय गवत खाते असे म्हणण्यापेक्षा ती आपल्या जंतूंस गवत चारते, त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर जगते, आणि पुढे ते जंतूच वाहत चौथ्या कोठीत आले की त्यांसही पचवून टाकते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. शाकाहाराची कडक व्याख्या करणाऱ्या आमच्या मित्रांनी ह्या गोष्टीवर अवश्य विचार करावा.

घोड्याने हाच व्यवहार उलट्या क्रमाने मांडला आहे. तोही गवतावर जगतो, त्याच्याही पोटात जंतू आहेत. परंतु त्यांची वस्ती प्रवासाच्या शेवटी आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, सुमारे ८ ते १५ लिटरांचे. त्यानंतर लांब लहान आतडे, आणि त्याच्यापुढे आंधळे आतडे व मोठे आतडे मिळून एक अवाढव्य कोठार. तेथे गवत आंबते खरे, पण तोवर पोषण शोषून घेण्याची मुख्य जागा मागे राहिलेली असते, म्हणून जंतूंच्या शरीरातील सत्त्व पुष्कळसे बाहेर जाते. ह्याचा पुरावा पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. घोड्याच्या लिदीत गवताच्या काड्या डोळ्यांनी दिसतात. गाईचे शेण मऊ व एकजीव असते. आपल्या आज्यांनी ज्या शेणाने पिढ्यान् पिढ्या अंगणे सारवली, त्याची ती मऊपणाची करामत रवंथाची आहे.

आणखी दोन भेद सांगून हा भाग आटोपतो. घोड्यास पित्ताशय नाही, आणि घोड्यास ओकता येत नाही. त्याच्या अन्ननलिकेचे जठराशी असलेले तोंड इतके घट्ट मिटते की जठर फुटेल, परंतु आत गेलेले माघारी येणार नाही. लहानसे जठर आणि परतीची वाट बंद, ह्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे मुंबईच्या घोड्यांचे जे पुढे सांगावयाचे आहे ते समजण्यास कठीण जाणार नाही.

आता हे ज्ञान कोणास होते? ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चारही कोठ्या वर्णिल्या होत्या. दुसऱ्या कोठीस त्याने दिलेले नाव स्त्रियांच्या केसांवरील जाळीचे आहे. आपल्याकडेही यज्ञकर्म करणारे ऋत्विज पशूच्या अंतर्भागास अपरिचित नव्हते. वपा म्हणजे आतड्यांवरील चरबीचा पडदा, ऊवध्य म्हणजे पोटातील अपक्व अन्न, अशा शब्दांनी ब्राह्मणग्रंथ भरलेले आहेत. पुढे यज्ञ मागे पडले आणि ते शब्द पोथीत राहिले. घोड्यासाठी शालिहोत्र झाले, हत्तीसाठी पालकाप्याच्या नावाचे शास्त्र झाले, कारण हे दोन्ही प्राणी राजाच्या पागेतले. गाईची चिकित्सा अग्निपुराणासारख्या ग्रंथांत आढळते, परंतु शालिहोत्राच्या तोडीची कीर्ती कोणत्याही गोवैद्यकास लाभली नाही. ज्या प्राण्याची आपण पूजा केली त्याच्या पोटात डोकावण्याचे आपणांस सुचले नाही, असे म्हणावे तर ते थोडे कठोर होईल. पण फारसे खोटे होणार नाही.

डोकावणारे लोक होतेच. गावात मेलेले ढोर ओढून नेणे, ते फाडणे, त्याचे कातडे काढणे ही कामे ज्यांच्या माथी मारली होती, त्यांस कोटीपोट कोठे संपते आणि जाळीपोट कोठे लागते हे कोणत्याही पोथीवाचून माहीत होते. खाटकासही माहीत होते. लालबाग-परळच्या खाणावळींत गिरणीकामगारांनी आवडीने खाल्लेली वजडी म्हणजे बकऱ्याच्या ह्याच कोठ्या. मधमाशांच्या पोळ्यासारखी तिची जाळी ज्याने एकदा साफ केली आहे त्यास जाळीपोटाचे चित्र काढून दाखविण्याची आवश्यकता नाही. परंतु हे ज्ञान कोणी विचारले नाही, लिहून घेतले नाही, आणि ज्याच्याजवळ ते होते त्यास त्याची किंमत विटाळाच्या रूपाने मोजावी लागली. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांस मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्यास सांगितले. त्या काळी ते राहत होते परळच्या बी. आय. टी. चाळीत. मेलेल्या बैलाचे पोट उघडणे हा जेथे विद्येचा भाग मानला जाई ते पशुवैद्यक विद्यालय त्याच परळात होते. एकाच पेठेत एकच काम एकास पदवी देई आणि दुसऱ्यास अस्पृश्यता. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी सुचत नाही.

परळच्या त्या विद्यालयाकडे वळण्यापूर्वी युरोपातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. पशुवैद्यकाची पहिली आधुनिक शाळा फ्रान्समध्ये लियाँ येथे १७६१ साली मंजूर झाली आणि पुढल्या वर्षी सुरू झाली. तिचा संस्थापक क्लोद बूर्जला हा अश्वारोहण शिकविणारा गृहस्थ. शाळा काढण्यामागचे एक मोठे कारण गुरांची साथ, म्हणजे बुळकांडी. पण संस्थापकाचे प्रेम आणि अभ्यास घोड्यावर. लंडनची शाळा १७९१ साली निघाली, तिचेही पहिले कित्येक दशकांचे लक्ष घोड्यावरच खिळलेले होते. घोडा सरदाराचा, घोडा पलटणीचा. गाय शेतकऱ्याची, आणि शेतकऱ्याजवळ फी कोठून असणार? हिंदुस्थानात आलेले इंग्रज पशुवैद्य बहुतेक लष्करी, म्हणजे मूळचे घोड्याचे वैद्य. अशा लोकांच्या हाती बैलांच्या देशाचे पशुवैद्यक आले.

मुंबईत जनावरांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली. पुढे गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्यास त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव दिले गेले. ते आजही तेथेच चालू आहे. पांजरपोळ आणि हे रुग्णालय ह्यांतला फरक वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. पांजरपोळीचा धर्म जनावर मरेपर्यंत सांभाळण्याचा. रुग्णालयाचा धर्म ते बरे करून परत पाठविण्याचा. पहिल्यास गवत पुरते, दुसऱ्यास शरीरशास्त्र लागते. म्हणूनच ह्या रुग्णालयाच्या आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचे पशुवैद्यक विद्यालय सुरू झाले, हे अगदी स्वाभाविक होते. दयेने शय्या दिल्या, तेथे विद्येस रोगी मिळाले.

पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हेही लष्करी पशुवैद्य होते. परंतु त्यांची निवड शहराच्या भाग्याची म्हटली पाहिजे. कारण १८८१ साली त्यांनी बैलांच्या रोगांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि हत्तीच्या व मेंढ्यांच्या रोगांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. घोड्याच्या वैद्यांच्या त्या पिढीत बैलाकडे इतक्या गंभीरपणे पाहणारा माणूस विरळाच. ते १८९१ साली ऐन उमेदीत निवर्तले. त्यांच्या विद्यालयाची पदविका मिळविलेले तरुण पुढे मुंबई इलाख्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, आणि साथीच्या काळात गावोगाव फिरले.

असल्या विद्यालयात तुलनात्मक शरीररचना का शिकवावी लागते, ह्यास एकच उदाहरण पुरे आहे. समजा, पोट फुगलेली दोन जनावरे दाराशी आली, एक बैल आणि एक घोडा. दोघांसही वायूने श्वास घेणे कठीण झाले आहे. बैलाचा वायू कोटीपोटात, म्हणजे डाव्या अंगास. प्राण जाण्याची वेळ आली तर वैद्य त्याच्या डाव्या भकाळीत ट्रोकार, म्हणजे नळीत बसविलेला तीक्ष्ण सुळा, खुपसतो. सुळा काढून घेतला की नळीतून वायू सुसाट बाहेर पडतो आणि काही पळांत बैल मान वर करितो. घोड्याचा वायू साठतो तो बहुधा आंधळ्या आतड्यात, आणि ते उजव्या अंगास. बैलावर शिकलेल्या हाताने घोड्याच्या डाव्या कुशीत सुळा घातला, किंवा घोड्यावर शिकलेल्या हाताने बैलाच्या उजव्या कुशीत, तर मालकाने वैद्यापेक्षा नशिबावर भरवसा ठेवलेला बरा. डावे की उजवे, एवढ्या एका शब्दावर बैलाचा जीव, आणि बैलाच्या जिवावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते.

आमच्या शेतकऱ्यास ह्यातले काहीच कळत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. पोटफुगीवर जनावरास गोडे तेल पाजण्याचा आणि तोंडात आडवी काठी बांधण्याचा उपाय खेड्यांत जुना आहे, आणि तो शास्त्रास धरून आहे. कोवळा हिरवा चारा अधिक खाल्ला म्हणजे कोटीपोटात फेस धरतो, वायू त्या फेसात अडकून पडतो, व तेलाने तो फेस मोडतो. काठी चघळताना लाळ सुटते आणि ढेकर येण्यास वाट मिळते. त्याच्याच शेजारी जनावराच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची रीतही होती, आणि तिच्यासाठी आम्हांस एकही चांगला शब्द सापडत नाही. लोकांचे ज्ञान म्हणून सरसकट पूजावे किंवा सरसकट झिडकारावे अशी वृत्ती हल्ली फार दिसते. तेल व डाग एकाच घरात नांदत होते एवढे जरी लक्षात ठेविले तरी ती आवरेल.

शहराच्या घोड्यांचे दुःख निराळे होते. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीजवळ सुमारे ९०० घोडे होते असे सांगतात. त्यांखेरीज व्हिक्टोरिया गाड्या, साहेबलोकांच्या बग्ग्या, पलटणी. रानातला घोडा दिवसाचे १५-१६ तास थोडे थोडे चरत असतो; लहान जठरास तोच क्रम मानवतो. गाडीच्या घोड्यास हा क्रम कोण देणार? त्यास कामाच्या दोन पाळ्यांच्या मध्ये तोबऱ्यातून चंदी मिळावयाची, म्हणजे हरभरा किंवा कुळीथ, आणि लगेच जुंपले जावयाचे. कडधान्य पाणी पिऊन फुगते, जठर लहान, ओकण्याची सोय नाही. पोटशूळ हा घोड्याचा जुना काळ आहे तो ह्यामुळे. घोडा लोळू लागतो, आपल्या कुशीकडे मान वळवून पाहतो, आणि वैद्य नाकपुडीतून नळी घालून जठर मोकळे करितो, कारण तोंडाने ते मोकळे होणार नसते. घोड्यांची ट्राम १९०५ साली बंद झाली आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. शहराने ती प्रगती म्हणून साजरी केली; घोड्यांच्या बाजूने पाहता ती सुटका होती. व्हिक्टोरियाचा घोडा मात्र पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ रस्त्यावर राहिला. उच्च न्यायालयाने २०१५ साली ह्या गाड्या बंद करण्याचा हुकूम दिला तेव्हा तिच्या मालकांच्या पोटाचा प्रश्न पुष्कळ चर्चिला गेला, आणि तो चर्चिला जाणे रास्तच होते.

म्हशींचे तबेले हा मुंबईच्या पोटाचा आणखी एक अध्याय. शहराच्या ऐन वस्तीत म्हशी दाटीने बांधलेल्या असत, आणि त्यांचे दूध दारोदार जाई. कापसाच्या ह्या शहरात म्हशीच्या टोपलीतही कापूसच येई, तो सरकीच्या रूपाने. सरकीने दूध दाट होते हे गवळ्यास पक्के ठाऊक. सरकीत गॉसिपॉल नावाचे एक विषही असते. डुकरास किंवा कोंबडीस ती भरमसाट घातली तर ती आजारी पडतात. पण मोठ्या म्हशीच्या कोटीपोटात जंतूंच्या कारखान्यात ते विष बव्हंशी बांधले जाऊन निरुपद्रवी होते. लहान रेडकाचे कोटीपोट अजून घडलेले नसते, म्हणून त्यास ही सवलत नाही. तबेल्यात रेडकू फार दिवस जगत नसे, ह्याचे कारण मात्र सरकी नव्हे. त्याच्या वाट्याचे दूध शहर पीत होते. १९४९ साली आरे वसाहत स्थापन झाली, आणि दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने हजारो म्हशी शहरातून तिकडे गेल्या.

बुळकांडीचा उल्लेख वर आला आहे. हा रोग गुरांच्या तोंडापासून गुदापर्यंतच्या सर्व मार्गास फोडून काढी. रवंथ बंद, रक्ताची हगवण, आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. घोड्यास तो होत नसे. तिच्या संशोधनासाठी पुण्यास १८८९ साली निघालेली प्रयोगशाळा चार वर्षांनी हिमालयात मुक्तेश्वरास गेली, तेथे पुढे बकऱ्यांच्या साहाय्याने लस तयार झाली, आणि २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसाच्या देवीनंतर असे भाग्य दुसऱ्या कोणत्याही रोगाच्या वाट्यास आले नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी ह्या बातमीस किती जागा दिली हे ज्यांच्या स्मरणात असेल त्यांनी सांगावे.

परंतु बुळकांडी गेली म्हणून गाईचे पोट सुखी झाले असे नाही. भुलेश्वर-माधवबागेकडे किंवा देवळांच्या कोपऱ्यांवर अजूनही कोठे कोठे गाय बांधलेली दिसते, शेजारी गवताच्या पेंढ्या विकणारी बाई बसलेली असते, आणि येणारा-जाणारा पैसे देऊन एक पेंढी तिच्या पुढ्यात टाकतो. गवताबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रेमाने घातलेल्या पोळ्यांबद्दल, भाताच्या पातेल्याबद्दल, लग्नाच्या मांडवातील उरल्यासुरल्या गोडाबद्दल. कोटीपोटातील जंतूंची घडी गवतावर बसलेली असते. एकदम पुष्कळ पीठ व साखर आत आली की निराळ्याच जंतूंचे राज्य होते, ते तीव्र आम्ल तयार करितात, आणि काही तासांत ते सगळे पोट नासून गाय आडवी होते. पोळ्याच्या दिवशी बैलास पुरणपोळ्या चारून दुसऱ्या दिवशी वैद्यास बोलावण्याचा प्रसंग खेड्यात अपूर्व नाही. त्या घरात बैलावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

गोग्रासापेक्षाही वाईट गोष्ट ज्यात तो गोग्रास बांधून येतो ती. शिळे अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाकण्याची रीत पडली, आणि गाय त्या गाठी सोडू शकत नाही. ती पिशवीसकट गिळते. कुत्रा पिशवी फाडतो, त्यातले निवडून खातो, आणि चुकून नको ते गिळलेच तर ओकून टाकतो. गाईच्या ओठांस व जिभेस असे निवडणे साधत नाही. तिची घाई तिच्या जातीची, आधी भरून घे आणि मग चाव, अशी. आता कोटीपोटातून पुढे जाण्याची वाट अरुंद आहे; चावून व आंबून अगदी बारीक झालेले कणच तेवढे तिच्यातून पडदेपोटाकडे सरकतात. गवतासाठी ही व्यवस्था उत्तम. प्लॅस्टिक आंबत नाही, चावून तुटत नाही, म्हणून ते पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. पिशव्या एकमेकींत गुंतून दोराचा गोळा व्हावा तशा होतात, वर्षानुवर्षे वाढतात, आणि गाय पोट भरलेले असूनही उपाशी मरते. तारा आणि खिळे ह्यांची गत आणखी वेगळी. ते जड असल्यामुळे जाळीपोटाच्या तळाशी बसतात. जाळीपोटाच्या पुढे पातळ पडदा आणि पलीकडे लगेच हृदय. पोट आवळले की खिळा पुढे टोचतो, आणि वैद्यास गाईच्या हृदयाच्या रोगाचे मूळ तिच्या पोटात शोधावे लागते.

मुंबईस पिशव्यांची भीती वाटू लागली ती २००५ च्या जुलैतील महापुरानंतर, पिशव्यांनी गटारे तुंबली हे सर्वांनी पाहिले तेव्हा. राज्य सरकारने २०१८ साली त्यांवर व्यापक बंदी घातली. गटाराच्या पोटाची चिंता आधी झाली ह्याचा आम्हांस राग नाही, कारण त्या निमित्ताने गाईच्या पोटाचीही थोडी सोय झाली. ती पुरी झालेली नाही हे कोणत्याही कचराकुंडीशी पाच मिनिटे उभे राहिले असता दिसते.

अशा गाईवर शस्त्रक्रिया करितात ती तिला उभी ठेवूनच. डावी भकाळी बधिर करून चीर देतात, कोटीपोटाची कड चिरेच्या काठाशी टाके घालून अडकवून घेतात, म्हणजे आतला मळ उदरात सांडत नाही, आणि मग वैद्य कोपराच्या वरपर्यंत हात आत घालून पिशव्या, सुतळ्या, चिंध्या, कधी नाणी व खिळे, असा तो ऐवज ओढून बाहेर काढतो. कित्येक किलोंचा ढीग शेजारी जमतो. एवढ्याने काम संपत नाही. रिकाम्या झालेल्या त्या कोठीत जंतूंची वस्ती उरलेली नसते, आणि त्यांच्यावाचून कोवळे गवतही तिला पचणार नसते. म्हणून पशुवैद्य दुसऱ्या निरोगी गाईच्या कोटीपोटातील रस काढून आणतात, तो कोमट असतानाच गाळून ह्या गाईस पाजतात, आणि दोन-तीन दिवसांनी तिने पुन्हा रवंथ सुरू केले का, हे पाहण्यासाठी तिच्यापुढे थोडे वाळलेले गवत टाकून ठेवितात.